सत्त्याण्णव गुणांचा संच

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या आपल्या वर्कशॉपच्या मागच्या खोलीला दस्तगीर मुल्लाणी ‘लॅब’ म्हणत. तिथे सुटे भाग तपासायला रोज सकाळी साडेनऊला येऊन बसणारे अनंत शिराळकर तिला नुसती ‘खोली’ म्हणत. एक कंपनयंत्र, एक पडदा आणि सांडलेल्या तेलाने काळं पडलेलं टेबल एवढ्याला प्रयोगशाळा म्हणायचं त्यांच्या जिवावर येई. पेट्रोलच्या गाड्या रस्त्यावरून हद्दपार होऊन आठ वर्षं झाली होती. त्या आता शर्यतीपुरत्या उरल्या होत्या आणि त्यातल्या बऱ्याचशा कोल्हापूर परिसरात दुरुस्तीला येत.

त्या मंगळवारी टेबलावर गाडीच्या चाकांना लावायच्या दमनकांचे दोन संच मांडले होते, चार-चार नळ्यांचे. एक नवा, काळा आणि साधा. दुसरा जुना, निळा, अंगावर ओरखडे असलेला. किंमत दोन्हींची सारखीच होती.

“तिसरा पर्याय नाहीच का?” इंद्रायणी चौगुलेने विचारलं. पंचवीस वर्षांची ही मुलगी गेले तीन मोसम ड्रिफ्टच्या, म्हणजे गाडी मुद्दाम घसरवत वळणं घेण्याच्या, स्पर्धेत उतरत होती.

“आहे की,” दस्तगीर म्हणाले. “नवे निळे. तुझी गाडी वीक आणि घे. मग कुठं बसवायचे ते नंतर बघू.”

इंदू हसली, पण फार नाही. रविवारी मोसमातली शेवटची स्पर्धा होती. पहिल्या दोघांना एका मोठ्या संघात जागा मिळणार होती. नाही मिळाली, तर गाडी विकून पुन्हा नोकरी धरायची, असा शब्द तिने घरी दिला होता. तिच्या गाडीचे आत्ताचे दमनक गळत होते आणि मागच्या स्पर्धेत गाडी दोनदा गरकन फिरली होती.

“काका, मला शाळेतल्यासारखं सांगा,” ती शिराळकरांना म्हणाली. “निळ्यात असं काय आहे?”

शिराळकरांनी चष्मा पुसला. कुणी काही समजावून सांगायला सांगितलं की त्यांना आधी संकोच वाटे आणि मग सुरुवात झाली की थांबणं अवघड जाई.

“स्प्रिंग गाडी उचलून धरते. पण नुसती स्प्रिंग असली, तर खड्डा मागे पडला तरी गाडी झुलतच राहील. ते झुलणं जिरवतो तो दमनक.”

“शॉकअप म्हणा की साहेब,” दस्तगीर म्हणाले. “दमनक म्हटलं की कुठला तरी राक्षस वाटतोय.”

“तर, साध्या दमनकात तेल असतं. ते बारीक भोकातून जातं. भोक किती आवळायचं हे आपण स्क्रूने एकदा ठरवतो, आणि मग वळण असो की उंचवटा, तो तेवढाच घट्ट राहतो. निळ्यात स्मरणद्रव आहे. तेलात लोखंडाची अतिसूक्ष्म भुकटी. वीज दिली की तिच्या साखळ्या होतात आणि तेल घट्ट होतं. काढली की पातळ. सेकंदाला हजार वेळा. आणि साखळ्या ज्या रीतीने वारंवार जुळतात, त्याच रीतीने पुढे आपसूक जुळायला लागतात. दमनकाला सवय लागते.”

“कसली सवय?”

“टायरवरचा भार कमीजास्त होऊ न देण्याची. तुम्ही गाडी घसरवता तेव्हा भार एकसारखा असला तर घसरणं तुमच्या हातात राहतं. भार उड्या मारायला लागला की गाडी हातची गेली.”

“आणि त्याला कळतं कसं, आपण बरोबर केलं की चूक?”

“बुडाशी दाबस्फटिक आहे. भार बदलला की स्फटिकातून वीज निघते. नाही निघाली, म्हणजे भार बदलला नाही, म्हणजे आत्ता जे केलं ते बरोबर. ती साखळी पक्की होते. किती पक्की झाली त्यावरून शंभरपैकी गुण मिळतात. याला समभार गुण म्हणतात. या संचाचे सत्त्याण्णव आहेत.”

“सत्त्याण्णव!” इंदूने निळ्या नळीवर बोट टेकवलं. “म्हणजे कुणीतरी शिकवून ठेवलेत.”

“बंगळुरूच्या मोठ्या ड्रायव्हरचे हाईत,” दस्तगीर म्हणाले. “खेळ सोडला म्हणं त्यानं. एजंटानं सांगितलं.”

स्फटिकाबद्दल शिराळकरांनी एक गोष्ट सांगितली नाही, कारण ती सांगणं त्यांना बढाईसारखं वाटलं असतं. चौदा वर्षांपूर्वी ते ज्या कंपनीत होते तिथेच हा दमनक तयार झाला होता. मूळ आराखड्यात स्फटिकाच्या जागी भारमापक होता. तो टायरवर नेमका किती किलो भार आहे हे सांगे, पण तो एकटाच उरलेल्या दमनकापेक्षा महाग पडे. बैठकीत आयुष्यात पहिल्यांदा हात वर करून शिराळकर म्हणाले होते, की भार किती हे कळायची गरजच नाही, तो बदलतोय का एवढं कळलं की पुरे. आणि बदल तर चहाच्या किमतीचा स्फटिकसुद्धा सांगतो. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. साध्या माणसाला परवडतील असे दमनक त्यांच्यामुळे झाले होते. स्वतःविषयी बरं वाटायला त्यांच्यापाशी तेवढी एकच गोष्ट होती.

दोन दिवस त्यांनी निळा संच तपासला. इथल्या पद्धतीप्रमाणे दमनक यंत्राच्या पाटाला बोल्टने आवळायचा आणि पाट वरखाली हलवायचा. पडद्यावरची भारबदलाची रेघ जवळजवळ सपाट होती, सकाळच्या तळ्यासारखी. तरीही त्यांना काहीतरी खुपत होतं. पण त्यांना आयुष्यभर काहीतरी खुपतच आलं होतं. गॅस बंद केला का हे पाहायला ते कोपऱ्यावरून परत जात. पेटीत टाकलेल्या पत्रावर पत्ता बरोबर होता का, याची त्यांना आठवडाभर चिंता लागे. अशा माणसाने आपल्या खुपण्याला किती किंमत द्यायची?

“बोला साहेब,” गुरुवारी संध्याकाळी दस्तगीर म्हणाले. “काळे का निळे?”

“निळे,” शिराळकर म्हणाले.

शनिवारी सकाळी पठारावरच्या धावमार्गावर सराव होता. तंबूत पडद्यासमोर शिराळकर बसले होते, पाठीशी दस्तगीर आणि इतर संघांची पाच-सहा माणसं. चारही चाकांच्या चार रेघा पडद्यावरून सरकत होत्या. धावमार्गाच्या तिसऱ्या वळणानंतर एक उंचवटा होता आणि त्यापलीकडे उताराचं डावं वळण, दगडी बांधाला लागून.

दुसऱ्याच फेरीत इंदूने स्वतःचा जुना विक्रम मोडला. चौथ्या फेरीत तंबूतली दुसऱ्या संघाची माणसं आपला पडदा सोडून इकडे येऊन उभी राहिली.

“काय नाद करते पोरगी!” कुणीतरी म्हणालं.

“काका,” रेडिओवर तिचा आवाज आला, धापा टाकत, खुशीत. “तिसऱ्या वळणानंतर स्टिअरिंग असलं हलकं लागतंय! लोण्यात चमचा फिरवल्यासारखं!”

शिराळकरांनी पडद्याकडे पाहिलं. उंचवट्याच्या जागी चारही रेघा सपाट होत्या. जेमतेम पाव सेकंद. पाचव्या फेरीत त्याच जागी अर्धा सेकंद. इतकी सपाट रेघ यंत्रावरही कधी आली नव्हती. कितीही गुळगुळीत डांबर असलं तरी रेघ थोडी थरथरतेच.

स्टिअरिंग हलकं केव्हा लागतं? पुढच्या चाकांवर भार नसला की.

मग त्यांच्या डोक्यात ते सावकाश उलगडत गेलं. गाडी जमिनीवरून उचलली गेली की टायरवर भार शून्य होतो. आणि हवेत असेपर्यंत तो शून्यच राहतो. शून्य बदलत नाही. स्फटिकाला किलो कळत नाहीत, फक्त बदल कळतो. त्याच्या लेखी हवेत तरंगणारी गाडी म्हणजे जगातली सर्वांत उत्तम चाललेली गाडी. त्याआधीच्या क्षणी दमनकाने जे काही केलं असेल, उंचवट्यावर स्प्रिंगला एकदम मोकळं सोडलं असेल, ते बरोबर ठरतं. ते पक्कं होतं. पुढच्या फेरीत तो ते थोडं अधिक करतो. सत्त्याण्णव गुण रस्त्यावर मिळालेलेच नव्हते. खोलीतल्या यंत्रावर हे दिसलं नाही, कारण तिथे दमनक बोल्टने आवळलेला होता, उचलला जाऊच शकत नव्हता.

“दस्तगीरभाई, तिला थांबवा.”

“काय झालं?”

“ती उडतेय. प्रत्येक फेरीला जास्त उडतेय.”

दस्तगीरांनी पडद्याकडे पाहिलं. “कुठं काय साहेब? रेघ तर सरळ हाय. आयुष्यातली सगळ्यात भारी फेरी चाललीय तिची. आत्ता बोलावलं तर डोक्यात राख घालून घेईल.” मग आवाज उतरवून म्हणाले, “तुमाला खात्री हाय का?”

हा प्रश्न शिराळकरांना कुणी कधीही विचारला असता तरी त्यांचं उत्तर एकच होतं, नाही. हिशेब बरोबर वाटत होता, पण तो त्यांनी मिनिटभरात केला होता, कागदाशिवाय. आणि सहा माणसं त्यांच्याकडे पाहत होती.

“एक फेरी बघू,” ते म्हणाले.

फेरी अठ्ठेचाळीस सेकंदांची होती. पहिलं वळण. दुसरं. तिसऱ्याच्या आधी त्यांना राहवलं नाही. त्यांनी रेडिओचं बटण दाबलं. “इंदू, थांब. वेग कमी कर. उंचवट्याआधी—”

“आले काका, ही एवढी फेरी...”

चारही रेघा सपाट झाल्या. एक सेकंद. दीड. मागून कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग पठाराच्या त्या टोकाकडून, दगडी बांधाकडून, आवाज आला.

तीन आठवड्यांनी कंपनीचं पत्र आलं. शिराळकरांनी पाठवलेल्या सोळा पानांबद्दल आभार मानून त्यात लिहिलं होतं, की सोबतच्या आलेखांमध्ये दमनकाचं कार्य अखेरपर्यंत निर्दोष आढळतं. खरंच होतं ते. दोष दाखवायला भार किती होता हे सांगणारी नोंद हवी, आणि तशी नोंद जगात कुठेच नव्हती. ती नको, असं त्यांनीच सांगितलं होतं.

इंदू गेल्यानंतर तिच्या वडिलांना भेटायला ते दोनदा गेले. दोन्ही वेळा दारापर्यंत जाऊन परतले. तिसऱ्या वेळी वडिलांनीच दार उघडलं आणि चहा दिला. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, “तुम्ही निदान थांब म्हणालात.”

जुने दमनक विकणाऱ्यांची एक यादी संगणकावर असे, गुणांच्या उतरत्या क्रमाने. एका दुपारी ती उघडून ते वरून खाली वाचत गेले. नव्वदच्या वर तेवीस संच होते. एवढे गुण असलेला संच कुणी सुखासुखी विकेल का? त्यांना हे आजवर का सुचलं नव्हतं? रस्त्यावर प्रामाणिकपणे शिकलेला दमनक पंच्याऐंशीच्या पुढे जाऊच शकत नाही, हे त्यांनी आता कागदावर मांडून पाहिलं होतं. चार वेळा.

त्यांनी यादीतला पहिला नंबर फिरवला. नाशिकचा होता.

“हां, मी गायधनी बोलतेय,” पलीकडून एक वयस्कर बाई म्हणाली. “आहेत अजून. गुण बघितलेत ना? अठ्ठ्याण्णव. माझ्या चेतनचे आहेत.”

“ते आता चालवत नाहीत का?”

“नाही हो. दोन वर्षं झाली त्याला जाऊन. पण कंपनीचा माणूस येऊन मला कागद दाखवून गेला. म्हणाला, आई, तुमचं पोरगं चुकलं नव्हतं. बघा, शेवटची रेघ कशी सरळ आहे. तेवढाच एक आधार आहे मला. घेताय ना?”

“घेतो,” शिराळकर म्हणाले.

“तुमच्याकडे चालवणार कोण?”

“कुणी नाही.”

“मग नाही द्यायचे मला. इतके दिवस कुणी चांगला हात भेटेल म्हणूनच ठेवलेत. पडून राहायला कशाला देऊ?”

शिराळकरांनी समोरचा कागद पालथा घातला. त्यावर त्यांनी काय बोलायचं ते लिहून ठेवलं होतं, पण ते सगळं कंपनीला लिहिल्यासारखं होतं.

“बाई, तुमचा मुलगा चुकला नव्हता,” ते म्हणाले. “चूक माझी आहे. मला खात्री आहे.”

आणि त्यांनी सांगितलं. स्फटिकाचं, शून्याचं, बैठकीत वर केलेल्या हाताचं. इंदूचंही सांगितलं. बाईंनी मध्ये एकदाही अडवलं नाही. सांगून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं.

“म्हणजे त्याला कळलं असेल का हो, आपण पडतोय म्हणून?”

शिराळकरांनी डोळे मिटले.

“नाही,” ते म्हणाले. “त्याला वाटलं असेल, आज गाडी फार छान चाललीय.”