रेषेवरच्या पेशी

सातपूरच्या त्या प्रयोगशाळेत त्या दिवशी चहा वेळेवर आला असता, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण टपरीवाला उशीर करण्यात पटाईत होता आणि जानेवारीतली नाशिकची थंडी हाडांत शिरत होती. वेदिका दोन्ही हातांनी रिकामा मग धरून जिन्यात उभी होती. तेवढ्यात मफलर गुंडाळलेला एक उंच तरुण हातात स्टीलचा थर्मास घेऊन जिना चढून आला, आणि तिने काही न विचारता मग त्याच्यापुढे धरला.

तो गोंधळला. मग काय झालंय ते त्याच्या लक्षात आलं असावं, कारण त्याने हसू दाबत थर्मासचं झाकण उघडून तिला आत दाखवलं. आत बर्फ होता आणि बर्फात रुतवलेली एक सीलबंद बाटली. बाटलीत कोऱ्या चहाच्या रंगाचं काहीतरी होतं.

"चहा नाही मॅडम, एन्झाइम आहे," तो म्हणाला. "तुम्हाला याने काही होणार नाही. शेवाळाला होतं का, तेवढं विचारायला आलोय."

वेदिकाचे कान लाल झाले. शेवाळावरच्या चाचण्या इथे तीच करत होती, म्हणजे विचारायचं ते तिलाच विचारायचं होतं.

त्याचं नाव धनराज अहिरे. गाव सटाण्याजवळचं, नोकरी अंबडच्या एका छोट्या कंपनीत. द्राक्षाचा गढूळ रस निवळ करणारं हे एन्झाइम त्याने दोन वर्षं खपून तयार केलं होतं. दिंडोरीकडच्या वायनऱ्या ते घ्यायला तयार होत्या. पण टाक्या धुतलेलं पाणी शेवटी ओढ्यात जातं, आणि ओढ्यातल्या शेवाळाला ते विष ठरणार असेल तर नको, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. द्राक्षं तर पिकत आली होती. या हंगामात अहवाल चांगला आला नाही तर हे काम गुंडाळून टाक, असं मालकाने धनराजला बजावलं होतं. हे सगळं त्याने पहिल्याच भेटीत, जिन्यातच, एका दमात सांगून टाकलं.

"रस निवळ करतं म्हणता, आणि स्वतः एवढं काळं?" तिने बाटली उजेडात धरत विचारलं.

"सगळ्यांचं निवळ करायच्या नादात स्वतःकडे बघायचं राहून गेलं असेल," तो म्हणाला.

वेदिका हसली. आणि हसल्यावर लगेच गंभीर झाली, कारण ग्राहकाशी इतक्या लवकर हसायचं नसतं.

चाचणी तशी साधी असते. फ्लास्कमध्ये पाणी, पाण्यात डोळ्यांना नुसती हिरवी झाक दिसावी इतकं बारीक शेवाळ. काही फ्लास्कमध्ये एन्झाइम थोडं, काहींत जास्त, काहींत अजिबात नाही. सगळे फ्लास्क दिव्यांच्या उजेडात मंद हलत राहतात, आणि शेवाळ किती वाढलं ते रोज मायक्रोस्कोपखाली मोजायचं. आधी अंदाज घ्यायला एक छोटी चाचणी, मग खरी. या खोलीत सतत उजेड आणि ऊब असे, त्यामुळे हिवाळ्यात प्रयोगशाळेतल्या प्रत्येकाला तिथे काही ना काही काम निघायचं.

ग्राहकाला मात्र आत यायला बंदी होती. दाराला एक काच होती, तिच्या बाहेर उभं राहायचं. नमुना आणून दिल्यावर धनराजचं इथे खरं तर काही काम नव्हतं. तरी तो येत राहिला. कधी एखादा कागद द्यायचा राहिलेला असे, कधी तो म्हणे की सातपूरलाच आलो होतो. अंबडचा माणूस सातपूरला इतक्या वेळा कशाला येतो, हे विचारायचं वेदिका मुद्दाम टाळत होती. काचेपलीकडून तो भुवया उंचावून विचारायचा, ती अंगठा दाखवायची, आणि मग पाचेक मिनिटांसाठी बाहेर यायची.

"कशी आहेत?"

"कोण?"

"माझी... म्हणजे शेवाळं."

"मजेत आहेत. तुमची चौकशी करत होती," ती म्हणाली, आणि आपण हे काय बोलून गेलो म्हणून दिवसभर स्वतःवर चिडत राहिली.

एकदा तो जिन्यात आईशी फोनवर बोलत होता. इतरांशी जपून, नीट मराठी बोलणारा हा माणूस आईशी मात्र अहिराणीत मोकळा झाला होता. "हा ना माय, जेवनू मी. बरं शे सगळं." वेदिका दाराआड उभी राहून ऐकत होती. "आहे"च्या जागी आलेल्या त्या "शे"मध्ये काय होतं कोण जाणे, पण ते तिच्या कानात घर करून राहिलं. दुसऱ्या दिवशी खोलीत कोणी नाही असं बघून तिने फ्लास्कांना विचारलं, "कसं शे?" काचेबाहेर धनराज उभा होता. त्याला ऐकू गेलं नसेल, पण ओठ दिसले असावेत. तो इतका हसला की त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

आता ती त्याची वाट बघत होती. हे तिला कळत होतं आणि आवडतही होतं. तो अजून काही बोलला नव्हता. तीही नाही.

मग खरी चाचणी लागली, आणि एन्झाइम सगळ्यात जास्त घातलेल्या फ्लास्कांमध्ये शेवाळ वाढेना. साध्या पाण्यातलं हिरवंगार होत होतं आणि हे आपलं मरगळलेलं. वेदिका सकाळी आल्या आल्या आधी तेच फ्लास्क बघायची आणि तिचा चेहरा उतरायचा.

शेवटच्या मोजणीच्या दिवशी ती मायक्रोस्कोपला डोळे लावून बसली. मोजायच्या काचेवर बारीक चौकटी कोरलेल्या असतात. चौकटीतल्या पेशी मोजायच्या. रेषेवर बसलेल्यांचा नियम ठरलेला आहे: वरच्या आणि डाव्या रेषेवरच्या धरायच्या, खालच्या आणि उजव्या सोडून द्यायच्या. शिकाऊ पोरीसुद्धा यात चुकत नाहीत. वेदिका तर झोपेतही चुकली नसती. पण धनराजच्या त्या काळपट फ्लास्कातलं पाणी मोजताना तिचा अंगठा मोजयंत्रावर टकटक करत राहिला, आणि निम्मं मोजून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की ती खालच्या रेषेवरच्याही धरतेय. उजव्याही.

साध्या पाण्यातलं मोजताना तिने असं केलं नव्हतं.

तिने हात उचलून मांडीवर ठेवला. तिला स्वतःची भीती वाटली. मग तिने सगळं पुसून नियमाने पहिल्यापासून मोजलं. आकडा वाईट होता. तो तिने तसाच लिहिला, पण आता तो आकडा बरोबर आहे हे सांगायला तिच्याकडे तिचेच डोळे होते, आणि त्यांच्यावर तिचा विश्वास उरला नव्हता.

ती उठून फ्लास्कांपाशी गेली. ते दिव्यासमोर ओळीने उभे होते. साध्या पाण्यातून उजेड आरपार येत होता, आणि त्या काळपट फ्लास्कांच्या मागे दाट सावली पडली होती. ती बघतच राहिली. शेवाळाला विष बाधलं असेल, की नुसता उजेडच मिळाला नसेल? हे तपासता येतं. साध्या पाण्यातल्या शेवाळाचं भांडं दुसऱ्या मोठ्या भांड्यात ठेवायचं आणि मधल्या जागेत एन्झाइमचं पाणी भरायचं. दोघं एकमेकांना शिवत नाहीत, पण उजेड त्या काळपट पाण्यातूनच येतो. तिथेही शेवाळ खुरटलं, तर दोष सावलीचा.

पण ही नवी चाचणी मागायची कोणी? तिने मागितली आणि तिनेच मोजली, तर ती मोजणी कवडीमोलाची. तिने मोजायचं नाही, तर का नाही ते सांगावं लागणार. प्रयोगशाळेचा नियमच होता: ग्राहकाशी नातं असेल तर तसं सांगून बाजूला व्हायचं. आणि नातं तर कुठे होतं? पाच-पाच मिनिटांच्या गप्पा आणि काचेतून दाखवलेला अंगठा, याला काय म्हणायचं? गप्प राहिलं तर त्याच्या दोन वर्षांच्या कष्टांवर विषाचा शिक्का बसणार, तोही कदाचित खोटा. बोललं तर आपलं हसं होणार. शिवाय तिच्या मनात आणखी एक काटा होता. निकाल वाईट दिसला की ग्राहक फोन करतात, "मॅडम, थोडं बघा ना" म्हणतात. अगदी भली माणसंही म्हणतात. धनराजही म्हणाला तर?

संध्याकाळपर्यंत तिने स्वतःशी भांडून घेतलं, आणि मग कुसुम मॅडमच्या केबिनचं दार ढकललं. प्रयोगशाळा त्यांच्याच हाताखाली चाले. वेदिकाने त्यांना आधी सावलीचं सांगितलं, मग रेषेवरच्या पेशींचं, आणि मग अडखळत अडखळत उरलेलं.

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"त्याला माहीत आहे?"

"नाही."

"म्हणजे त्याच्या आधी मला कळलं," त्या म्हणाल्या. त्या रागावल्या आहेत की नाहीत ते कळायला मार्ग नव्हता. पुढचं त्यांनी भराभर ठरवलं. राखून ठेवलेले नमुने वेदिकाचा सहकारी हुजैफा पुन्हा मोजेल. सावलीची चाचणीही तोच लावेल. वेदिकाने त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. "आणि मोजणारा माणूस का बदलला, ते ग्राहकाला कळवावं लागतं. ते मी कळवणार नाही बाई. तूच सांग."

दुसऱ्या दिवशी दुपारी टपरीसमोरच्या उन्हात धनराज चहाचा ग्लास घेऊन उभा होता. वेदिकाने सकाळपासून वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही ऐनवेळी आठवलं नाही.

"तुमच्या नमुन्याचं काम आता माझ्याकडे नाही," ती म्हणाली. "पहिला निकाल वाईट आहे. तो सावलीमुळे असेल का, ते हुजैफा बघेल."

"माझं काही चुकलं का?"

"माझं चुकत होतं. मोजताना मी... मी तुमच्या बाजूने मोजत होते."

"कंपनीच्या?"

"कंपनीशी मला काय करायचंय?" ती म्हणाली, आणि मग त्याच्याकडे न बघता, सरळ, "तुमच्या. तुम्ही मला आवडता. असं असेल तर सांगावं लागतं, म्हणून सांगतेय."

धनराजने ग्लासातला उरलेला चहा संपवला. मग म्हणाला, "निकाल लागेपर्यंत मी यावर काही बोलणार नाही. चालेल?" आणि उत्तराची वाट न बघता गाडीला किक मारून निघूनही गेला.

चालेल कसलं? वेदिकाला रडावंसं वाटलं. आता तिला दोन निकालांची वाट बघायची होती आणि एकही तिच्या हातात नव्हता. धनराज फिरकलाच नाही. तीच दिवसातून कितीदा तरी त्या काचेबाहेर जाऊन उभी राहू लागली. हुजैफा मोजण्यात भारी चिकट. एकेक थेंब दोनदा बघणार. तिला काचेत पाहिलं की तो आतून हात हलवून हाकलायचा. "ग्राहकपक्षाने लांब थांबावं," तो जेवताना म्हणाला, आणि तिचा चेहरा पाहून त्याने आपल्या डब्यातला कबाब निमूटपणे तिच्या पानात टाकला.

शेवटच्या मोजणीच्या सकाळी हुजैफाने आत जाऊन दार लावून घेतलं. वेदिका काचेबाहेर उभी होती. मागे पावलं वाजली. धनराज होता. जिना धावत चढून आला असावा, त्याला धाप लागली होती.

"निकाल अजून लागला नाही," ती कोरडेपणाने म्हणाली.

"माहितीये. म्हणून तर पळत आलो." त्याने दम घेतला. "मी म्हणालो होतो निकालानंतर बोलेन. पण ते चुकीचं होतं. चांगला लागला आणि मग बोललो, तर तुम्हाला वाटेल आनंदाच्या भरात बोलला. वाईट लागला तर वाटेल, आधार शोधतोय. आत काय निघतंय ते मला माहीत नसतानाच सांगायला हवं होतं."

"मग सांगा."

तो मराठीत सांगायला लागला आणि अडला. मफलरचं टोक हातात गुंडाळलं, सोडलं. मग आईशी बोलायचा त्या मोकळ्या आवाजात म्हणाला, "माले तू आवडस. पहिल्या दिवसपाईन."

वेदिकाच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. इतके दिवस आवरून धरलेला सगळा जीव त्या "तू"पाशी सैल झाला.

"परत म्हणा," ती म्हणाली.

"परत म्हण," त्याने सुधारलं. "आमच्या घरी तुम्ही-बिम्ही चालत नाही. आजोबांनाही तूच म्हणतो आम्ही."

ती म्हणणार होती, पण दार उघडलं आणि हुजैफा बाहेर आला. त्याने आधी दोघांकडे पाहिलं, मग हातातल्या कागदाकडे. एन्झाइमला न शिवलेलं शेवाळही जवळजवळ तेवढंच खुरटलं होतं, तो म्हणाला. म्हणजे मुख्य दोष सावलीचा. वेदिकाने सुटकेचा श्वास सोडला.

"पण सगळाच सावलीचा नाही," हुजैफा पुढे म्हणाला. "सगळ्यात जास्त मात्रेत थोडा फरक उरतोय."

"किती थोडा?" धनराजने विचारलं.

"मोजता येण्याइतका."

एवढंसंच तर उरलं होतं. कोणीही म्हणालं असतं, सोडून द्या. धनराजच्या मालकाने तर नक्कीच म्हटलं असतं. तिने धनराजकडे पाहिलं. तो खाली बघत काहीतरी हिशेब करत होता.

"मग तो लिहा," तो म्हणाला. "टाक्या धुतलेलं पाणी आणखी पातळ करून सोडायचं, असं आम्ही डब्यावर छापू. मालकांना मी समजावेन. नाही ऐकलं तर पुढच्या हंगामाला बघू."

हे बोलताना त्याचा आवाज जरा ओढला गेला, कारण पुढचा हंगाम म्हणजे आणखी एक वर्ष. पण त्याने शब्द मागे घेतले नाहीत. आपला माणूस हाच, हे वेदिकाला तेव्हा कळलं. तिने हुजैफासमोरच त्याचा हात धरला. तो थंडीने गारठला होता. हुजैफाने घसा खाकरून उरलेले आकडे एकेक करून वाचायला सुरुवात केली, आणि ते सगळे वाचून होईपर्यंत तिने तो हात सोडला नाही.