बाहेर चाललेली पावलं

रविवारी दुपारी ऋतिकाने टेबलावर वर्तमानपत्र अंथरले आणि आईला खिडकीकडे पाठ करून बसवले. खिडकीत शिक्रापूरचा चौक होता. तीन मजले खाली नगर रस्त्यावर कंटेनर एकामागून एक कण्हत चालले होते, आणि सगुणाबाईंची नजर एकदा त्या रस्त्याला लागली की पायही तिकडेच निघत. महिन्यात दोनदा त्यांना रस्त्याच्या कडेवरून परत आणावे लागले होते. तिसऱ्या वेळी आणायला कुणी असेलच असे नव्हते.

विसरत चाललेल्या माणसासमोर त्याच्या ओळखीच्या वस्तू ठेवा, असे डॉक्टर म्हणाले होते. म्हणून ही जाड कागदाची वही. कारखान्याच्या क्वालिटी विभागात दिवसभर ‘ओके’चा शिक्का मारणाऱ्या ऋतिकाच्या हाताला रविवारी एवढीच मोकळीक मिळे : रंग, कापड, कागद आणि ठसे एकत्र करून एकेक पान सजवायचे. आजचे पान गावाकडच्या, केंदूरच्या घराचे होते. चहाच्या पाण्यात भिजवून पिवळसर केलेल्या कागदावर तिने आईच्या जुन्या लुगड्याचा काठ चिकटवला, टपालाची चार तिकिटे, वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्या. मधोमध घराचे निळे दार रंगवले. मग ऑनलाइन मागवलेल्या ‘भारतीय’ ठशांच्या पाकिटातला हत्ती उचलला.

“ह्यो कुणाचा?” सगुणाबाईंनी विचारले.

“आपलाच समज.”

“आपल्या गोठ्यात हत्ती कवा होता गं? म्हस होती. ती बी मारकी.”

ऋतिका हसली. “मग तूच दे एखादा ठसा.”

सगुणाबाईंनी क्षणभर लाल रंगाच्या वाटीकडे पाहिले. मग मूठ वळली, करंगळीकडची कड रंगात बुडवून एका कोऱ्या कागदावर टेकवली आणि वर बोटाच्या टोकाने पाच ठिपके दिले. इवलेसे पाऊल उमटले. ज्या हाताला हल्ली ब्लाउजची बटणे सापडत नव्हती, त्याने हे न चुकता केले होते.

आईला झोप लागल्यावर ऋतिकाने ते पाऊल खोडरबरावर गिरवले, पात्याने कोरले आणि ठसा तयार केला. निळ्या दारापासून पानाच्या कडेपर्यंत बरीच जागा मोकळी होती. दारातून सुरुवात करून तिने बाहेरच्या दिशेने सात पावले उमटवली; डोळ्याला ती रेघ बरी वाटली. केंदूरच्या घरी गौरी बसलेल्या तिने कधी पाहिल्या नव्हत्या. तिच्या जन्माआधी, गौरी यायच्या दिवशीच थोरली बहीण ओढ्यात बुडून गेली आणि सण अडकला. त्याच दिवशी घरात लेकरू किंवा गोठ्यात वासरू जन्मल्याशिवाय तो सुटणार नव्हता. तसे कधी झाले नाही.

मोजलेले लिहून ठेवायची सवय म्हणून पानाच्या पाठीमागे तिने तारखेचा शिक्का मारला. खाली लिहिले : पावले सात.

सोमवारी संध्याकाळी ती आठ होती.

मोजताना चूक झाली असेल, असे तिने ठरवले. त्याच दुपारी सगुणाबाई जिन्यात सापडल्या होत्या. तळमजल्यावरच्या गिताबाई ऋतिका कामावर असताना त्यांच्याकडे लक्ष देत. “पोरी, कडी वर लाव,” त्या म्हणाल्या, “मावशीच्या हाताला आता खालची कडी सापडतीया.”

मंगळवारी ऋतिका ठसा डब्यासह कारखान्यात घेऊन गेली आणि ड्रॉवरला कुलूप लावले. घरी आली तेव्हा नववे पाऊल ओले होते. बोटाला रंग लागला, आणि त्या रंगाला पाणी भरलेल्या शेताचा वास होता. आई त्या दिवशी इमारतीच्या फाटकापर्यंत गेली होती.

बुधवारी दहावे पाऊल आले. सगुणाबाई रस्त्याच्या दुभाजकापाशी मिळाल्या.

त्या संध्याकाळी आईने ते पान पहिल्यांदा नीट पाहिले. आधी काठावरून बोट फिरवले, मग दारावरून, मग ते बोट पावलांवर येऊन थांबले.

“बोटं भाईर केलीस?”

“म्हणजे?”

“अगं, गौर आत आणायची असती. बोटं घराकडं पायजेत.” त्यांचा आवाज अगदी खाली गेला. “म्या बी अशीच चुकले हुते. पयल्यांदाच काढत हुते. दारातनं सुरवात केली आन् भाईर काढत गेले. नकुशी बघत हुती. चार वर्साची. येकेका पावलावर पाय ठिवत ठिवत गेली बघ. म्या म्हनलं, खेळतीया.”

बहिणीचे नाव ऋतिकाने आईच्या तोंडून आजवर ऐकले नव्हते. घरात चुलत्यांच्या चार मुली असताना पाचवी म्हणून आजीने ठेवलेले ते नाव होते.

“आई, तुझी चूक नव्हती.”

“मग कुनाची?” सगुणाबाईंनी विचारले, आणि खिडकीकडे वळल्या.

ऋतिकाने पावलांवर पांढऱ्या रंगाचे दोन जाड हात दिले. सकाळी ती पावले पांढऱ्यातून वर आली होती, पाण्याखालून वस्तू वर यावी तशी. तिने पान बॅगेत घातले, रजा मागायचीच असे ठरवून कारखाना गाठला, आणि दुपारी दोनला गिताबाईंचा फोन आला.

“मावशी न्हाईत गं. आज गौरी, मी सैपाकात हुते. दार आतनं उघडलंय.”

शेडच्या दारात उभी राहून ऋतिकाने पान उघडले. अकरावे पाऊल कडेवर पोहोचले होते. टाच तेवढी कागदावर होती. बोटे नव्हती.

चौक, बसस्टॉप, पाबळ रस्ता, दवाखाने. पोलिसांना फोटो दिला. इमारतीतली माणसे दुचाकींवर चार दिशांना गेली. आई परतली असेल या आशेने पाच वाजता ऋतिका घरी आली. खोली रिकामी होती. खालून बायकांचे आवाज येत होते. गिताबाईंची सून करिश्मा गौर घेऊन उंबऱ्याशी उभी असणार.

“कोण आलं?” आतून कुणी विचारले.

“गौर आली.”

“कुठून आली?”

ऋतिकाने कारखान्याच्या ड्रॉवरमधून आणलेला ठसा लाल रंगात बुडवला.

पानाच्या कडेवर ठेवला. बोटे घराकडे.

“ये,” ती म्हणाली.

दुसरे पाऊल. “ये.”

बाहेर चाललेल्या रेघेशेजारी आत येणारी रेघ वाढू लागली. प्रत्येक ठसा सरळ पडत होता.

नववे. दहावे.

अकरावे दाराला टेकले, आणि बेल वाजली.

सगुणाबाई उभ्या होत्या. पाय घोट्यापर्यंत काळ्या चिखलाने भरलेले. शिक्रापूरच्या चौकात धूळ असते. असा चिखल केंदूरच्या ओढ्याला असतो, आणि केंदूर कोसांवर आहे.

“आई! कुणी आणलं तुला?”

“आनलं तिनं.” त्यांचा उजवा हात खाली लोंबत होता, मूठ अर्धवट वळलेली. “लई भूक लागलीया तिला. दोन ताटं वाढ.”

ऋतिकाने दोन ताटे वाढली.

पानावर आता बाहेर जाणारे एकही पाऊल नव्हते. तिथे पांढरा रंग होता, कोरडा, सपाट. आत येणाऱ्या अकरा पावलांच्या शेजारी मात्र आणखी अकरा होती. तिने न कोरलेली. चिंचोक्याएवढी.

पुढचे दोन दिवस सगुणाबाईंनी दाराकडे पाहिलेही नाही. डाव्या हाताने जेवल्या. गुणगुणल्या. ऋतिकाला तिच्या नावाने हाक मारली, वर्षभरात पहिल्यांदाच. गौरी आल्यापासून तिसऱ्या दिवशी दुपारी गिताबाई हळदीकुंकू घेऊन वर आल्या.

“मावशी, आज गौरी जायच्या. चला खाली, वाटंला लावू.”

“आमची न्हाई जायची,” सगुणाबाई म्हणाल्या, आणि आडव्या होऊन शांत झोपल्या.

गिताबाई गेल्यावर ऋतिका उशाशी बसली. उजवी मूठ झोपेतही तशीच होती, सैल, पोकळ, आत कुणाचे तरी बोट धरल्यासारखी. तीन दिवसांत ती उघडली नव्हती. हात अवघडला असेल, असे वाटून ऋतिकाने त्या पोकळीत आपली तर्जनी हलकेच सरकवली.

आईची बोटे हलली नाहीत.

आत ओलसर ऊब होती. आणि त्या उबेने, इवल्याशा पाच बोटांनी, तिची तर्जनी धरली.