नत्थुजीची स्वस्त खोली

त्या सालच्या फाल्गुनात कौशल्या आणि देवीदास तिवश्याहून अमरावतीला आले. अमेरिकेतल्या लढाईमुळे विलायतेच्या गिरण्यांना कापूस पुरत नव्हता, त्यामुळे इकडे गठ्ठे बांधणाऱ्याला चांगली मजुरी होती. देवीदासाला काम पहिल्याच दिवशी मिळालं. खोली मात्र चार दिवस हिंडूनही मिळेना. जिथं जावं तिथं एकच उत्तर.

"माणसं ठेवून काय करू, बाई? कापूस ठेवला तं तिप्पट भाडं येते."

पडव्या, गोठे, देवळाच्या ओवऱ्यासुद्धा कापसानं गच्च भरल्या होत्या.

पाचव्या दिवशी शहराभोवतीच्या परकोटाच्या भिंतीला लागून एक खोली सापडली. मालक नत्थुजी, कापसाचा दलाल. भाडं महिना एक रुपया. एवढं स्वस्त काहून, हे विचारायची दोघांची छाती झाली नाही. नत्थुजीनं किल्ली अंगणातूनच फेकली.

"तुमीच उघडा. मले धुळीचा त्रास हाय."

आत रुईचा कोंदट वास होता आणि त्याखाली दुसरा, तापातल्या अंगाला येतो तसा, आंबूस. कौशल्यानं दोनदा सारवलं, तरी तो गेला नाही. तिसऱ्या दिवशी भर दुपारी ती एकटी असताना भिंतीकडून खोकला आला. कोरडा, दबलेला, तोंडात काहीतरी कोंबल्यासारखा.

तिनं शेजारच्या सुभद्राला सांगितलं. सुभद्रानं हातातलं सूप खाली ठेवलं आणि ती आधी अंगणात कोणी आहे का ते पाहून आली.

"गोदाबाई राहे त्या खोलीत. फुलं विके. पौषात तिले ताप भरला, अन् नत्थुजीले खोली कापसासाठी पाहिजे होती. गोदाबाई म्हणे, उठता येत नाही, दोन दिवस थांबा..."

"मंग?"

"मंग गाड्या आल्या. दिवसभर गठ्ठे आत जाऊन राहिले होते. गोदाबाईले बाहेर येताना मी नाई पाह्यलं... नत्थुजी म्हणे, गावाले गेली. माघात त्यानं रातोरात गठ्ठे काढले, तवापासून इथले हमाल त्या खोलीत पाय ठेवत नाई."

"अन् तुमी कोणी बोलले नाई?"

सुभद्रानं सूप पुन्हा उचललं. "आमी बी त्याच्याच घरात राह्यतो. बोललो असतो तं कुठं गेलो असतो?"

कौशल्याला त्याच पावली निघून जावंसं वाटलं. पण जायचं कुठं? दोन दिवसांत देवीदासही तापानं फणफणला. ती त्याला पेज पाजायची, कपाळावर ओलं फडकं ठेवायची. दुपारी खोकला सुरू झाला की भिंतीपाशी पाण्याचा लोटा ठेवायची. संध्याकाळी लोटा रिकामा असायचा.

मग कापसाचा भाव आणखी चढला. एका दुपारी नत्थुजी अंगणात येऊन उभा राहिला.

"उद्या खोली खाली करा. बाहेरगावचे हमाल घेऊन गाड्या येऊन राहिल्या."

"माणूस तापानं पडला हाय, जी. उठता येत नाही. दोन दिवस थांबा."

नत्थुजीचा चेहरा क्षणभर पांढरा पडला. मग तो ओरडला, "दोन दिवसांत भाव उतरला तं तू भरशील काय?"

कौशल्याच्या मानेला गार श्वास लागला. अगदी कानाशी कोणीतरी म्हणालं,

"आत बोलाव... त्याले आत बोलाव..."

आपण काय करतोय हे कौशल्याला कळत होतं. कळत नव्हतं, असं पुढेही ती कधी म्हणाली नाही.

"तुमीच आत येऊन पाहा, जी," ती मोठ्यानं म्हणाली. "ताप खोटा निघाला तं आत्ताच निघतो."

आजूबाजूची बिऱ्हाडं दारात आली होती. सगळ्यांदेखत त्याला मागं फिरता येईना. उपरणं नाकाशी धरून तो आत गेला, कौशल्या बाजूला होऊन अंगणात उतरली, आणि दार आपोआप लागलं.

आरोळी आली नाही. जड काहीतरी एकावर एक ठेवल्याचा आवाज येत राहिला. धप्प... धप्प... धप्प... सुभद्रानं पदराचा बोळा तोंडात धरला होता. आत नवरा होता, तरी कौशल्यानं दार ढकललं नाही. का कोण जाणे, देवीदासाच्या जिवाची भीती तिला वाटलीच नाही.

आवाज थांबला. दार उघडलं. देवीदास घामानं भिजून बसला होता, ताप उतरला होता.

"ते बाई कोण होती?" त्यानं विचारलं. "तिनं मायं अंथरूण कडेला सरकवलं..."

भिंतीपाशी नत्थुजी पडला होता. अंगावर ओरखडा नव्हता, पण छाती आत दबली होती. खोलीत कापसाचा एक गठ्ठाही नव्हता.

तिसऱ्या दिवशी त्याचा मुलगा चंद्रभान राख सावडून थेट तिथं आला. उंबऱ्याबाहेरच थांबला.

"खोली तुमचीच. भाडं नको," तो म्हणाला. "पण बाई, हाड नाई भेटलं. एक बी नाई... चितेत फक्त हे होतं."

त्यानं मूठ उघडली. जळून काळी पडलेली सरकी होती, चिमूटभर राखेत मिसळलेली. त्यातल्या एका बीला हिरवा मोड फुटला होता.