ब्युमॉन्टची करपलेली लिंबं

ज्ञानदा उल्काच्या फाटकाबाहेरच उभी राहिली. ती रात्रपाळी संपवून थेट हॉस्पिटलमधून आली होती आणि चेहऱ्यावर मास्क असूनही तिचा संताप लपत नव्हता.

"रविवारी मला खोली सोडायची आहे," ती म्हणाली. "मी लिंबाच्या झाडांवर विषप्रयोग केला म्हणून. हॉस्पिटलातून ब्लीच आणून कुंड्यांत ओतलं म्हणे. तिथं श्वास घ्यायला फुरसत नाही, ब्लीच कधी चोरू?"

उल्का देवस्थळीनं तिचं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं. उत्तर डब्लिनमध्ये खासगी डिटेक्टिव्ह म्हणून ती एरवी विम्याच्या भानगडी शोधायची. २०२१च्या फेब्रुवारीत, कडक लॉकडाऊनमध्ये, त्याही बंद पडल्या होत्या. तिचा मावसभाऊ विक्रांत ग्रँड कॅनाल डॉकच्या एका कंपनीत इंजिनिअर होता, पण वर्षभर त्यानं ऑफिसचं तोंड पाहिलं नव्हतं. त्यामुळे सध्या तो उल्काचा ड्रायव्हर होता.

"घरमालकीण स्वतः राहते त्याच घरातली खोली म्हणजे कायदा तुला फारसा वाचवणार नाही," उल्का म्हणाली. "दुसरी खोली?"

"करोना वॉर्डातली नर्स म्हटलं की लोक फोन ठेवतात. आणि समजा मिळाली, तरी विष घालणारी म्हणून का जाऊ मी?"

"बरोबर आहे," उल्का म्हणाली आणि कोट घालायला आत गेली.

ज्ञानदा राहायची ते घर ब्युमॉन्टमध्ये, हॉस्पिटलजवळच होतं. मालकीण अलकनंदाबाई तीस वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर आयर्लंडला आल्या होत्या. नवरा, पद्माकर, चार वर्षांपूर्वी गेले. मागच्या अंगणातलं काचघर आणि त्यातली लिंबं ही त्यांची ठेव.

"तुम्ही आलात ते ग्रँड झालं," अलकनंदाबाई काचघराच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या. 'छान'ला ग्रँड म्हणायची इथली आयरिश सवय त्यांना लागली होती, पण त्यांच्या आवाजात काहीच ग्रँड नव्हतं. "पण मी पोलिसांत गेले नाही, हेच तिचं नशीब समजा."

दाराजवळच्या तीन कुंड्यांकडे बघवत नव्हतं. पानांची टोकं आणि कडा भाजल्यासारख्या तपकिरी झाल्या होत्या आणि खाली पानांचा सडा पडला होता. मधली कुंडी पद्माकररावांच्या ईडलिंबाची. मागच्या फळीवर कढीपत्ता मात्र ताजातवाना होता, आणि त्याच्याशेजारी तुळस.

"थंडी लागली असेल," विक्रांत म्हणाला.

अलकनंदाबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो एक पाऊल मागे सरला. "हीटर बारा अंशांवर आहे. थंडीनं आधी तुळस गेली असती. हे बघा, लिंबू हिवाळ्यात झोपलेलं असतं. फेब्रुवारीत त्याला पाणी देताना हात आखडता घ्यायचा. माती कोरडी पडली, कुंडी उचलून हलकी लागली, तरच थोडं. खत ऑक्टोबरपासून बंद, ते थेट मार्चमध्ये. हे सगळं मी काटेकोर पाळते."

"झाडं अशी दिसल्यावर तुम्ही काय केलंत?" उल्कानं विचारलं.

"काही नाही. आठवडा झाला, हातसुद्धा लावलेला नाही. पुरावा आहे तो."

"विक्रांत, मधली कुंडी जरा पुढे घे."

विक्रांतनं कुंडी उचलायला घेतली आणि कण्हत परत टेकवली. तळातून भळकन पाणी आलं आणि त्याचे बूट भिजले. "दगड भरलेत का यात?" तो पुटपुटला.

उल्का खाली वाकली. वरची माती काळीभोर, भुसभुशीत होती, नुकतीच पिशवीतून काढल्यासारखी. मातीच्या कुंडीच्या बाहेरच्या अंगाला पांढरट थर आला होता. खालच्या ताटलीत, भिंतीच्या बाजूला, दोन-दोन पानांची इवली हिरवी रोपं उगवली होती.

"तण आहे," विक्रांत म्हणाला.

"असेल," उल्का म्हणाली. "ज्ञानदा इथं यायची?"

"काचघराला कुलूप नाही. वेळी-अवेळी ये-जा असते तिची," अलकनंदाबाई म्हणाल्या. "मी आणि माझी बहीण, आम्ही दोघी वयस्कर. ती काय काय घेऊन घरी येते, कुणाला ठाऊक? तिचं ताट वेगळं ठेवलं, जेवण खोलीत द्यायला लागले, त्याचा राग काढला तिनं."

विक्रांतचे कान तापले. ज्ञानदा अंगणाच्या टोकाला उभी होती आणि तिनं हे सगळं ऐकलं होतं.

शेजारचा डेक्लन कुंपणापलीकडे लाकडं रचत होता. कुंपणाच्या उंचीवरून त्याचं आणि अलकनंदाबाईंचं वाजलं होतं, तेव्हा उल्कानं त्यालाही गाठलं.

"मी झाडं मारीन?" तो तडकला. "पद्माकरबरोबर ही काच मी बसवली आहे. भांडण कुंपणाचं आहे, लिंबांचं नाही. मला त्रास होता तो त्यांच्या स्मोक अलार्मचा. ख्रिसमसच्या सुमाराला रोज संध्याकाळी बोंबलायचा. जानेवारीत एकदाचा थांबला."

"रोज संध्याकाळी? किती वाजता?"

"ती पोरगी ड्युटीला निघायची, त्याच्या जरा आधी. मला वाटलं, पोळ्या करपवतात."

उरली ती वासंती, अलकनंदाबाईंची धाकटी बहीण. गेल्या फेब्रुवारीत साताऱ्याहून महिन्याभरासाठी आली आणि विमानं बंद झाल्यावर इथंच अडकली. ती मागच्या पायरीवर लसूण सोलत बसली होती.

"मला काय इचारताय?" ती मान वर न करता म्हणाली. "मला झाडातलं काय कळत न्हाई."

तेवढ्यात ज्ञानदा जवळून गेली. वासंतीनं तिच्यावरून लांबूनच हात ओवाळले आणि कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. "पोरीचं तोंड बगवत न्हाई," ती म्हणाली, आणि पुन्हा लसणाकडे वळली.

उल्का थोडा वेळ तिच्याकडे पाहत राहिली. मग तिनं सगळ्यांना काचघराच्या दाराशी अंतर ठेवून उभं केलं. तिचा आवाज शांत होता, पण विक्रांतला तिची ही शांतता माहीत होती. ती भयंकर चिडली होती.

"थंडी नव्हती, कारण तुळस जिवंत आहे. ब्लीच नव्हतं, कारण ब्लीच ओतलेल्या जागी मोहरी उगवत नाही. विक्रांत, तुझं ते तण मोहरीचं आहे. कुंडीवर पांढरा थर आहे. तसा तो खतातल्या क्षारांनी येतो, पण खत तर ऑक्टोबरपासून बंद. मग तो कशाचा? मोहरी कशाबरोबर पडते, सांग."

विक्रांतनं डोकं खाजवलं. "फोडणीत?"

"फोडणीत मीठ मुठीनं घालत नाहीत. मीठ, मोहरी आणि मिरची. दृष्ट काढायला."

वासंतीच्या हातातला लसूण खाली पडला.

"दृष्ट काढली की ते सगळं विस्तवात टाकतात. वासंतीमावशींनी तव्यावर जाळून पाहिलं, तर अलार्म बोंबलला. तोही ज्ञानदा ड्युटीला निघायच्या वेळी. मग जाळणं बंद झालं आणि अलार्म थांबला. पण दृष्ट काढणं थांबलं नाही. उतरवलेलं मीठ घरात ठेवायचं नाही आणि कुणाच्या पायाखाली येऊ द्यायचं नाही. तेव्हा ते कुंडीत गेलं. तुळशीत टाकणार नाहीत, ती देव. कढीपत्त्यात नाही, तो खायचा. लिंबं दाराशी होती. जानेवारीपासून रोज मूठभर मीठ खाऊन ती करपली."

"तिच्यावरनंच उतरवत व्हते," वासंती रडत म्हणाली. "रोज मरणाच्या दारात जाती पोर. झाडाचं ध्यानातच आलं न्हाई."

"मावशी माझी दृष्ट काढायच्या ते मला ठाऊक होतं," ज्ञानदा म्हणाली. "पण मी लगेच निघायचे. मीठ कुठं टाकायच्या ते मी कधी पाहिलं नाही."

"बघा, म्हणजे चुकूनच झालं," अलकनंदाबाई घाईनं म्हणाल्या. "विषय संपला."

"नाही संपला," उल्का म्हणाली. "फेब्रुवारीत पाणी द्यायचं नाही, आठवडाभर हात लावला नाही, असं तुम्ही मला सांगितलंत. मग माझ्या भावाच्या बुटात इतकं पाणी कसं आलं? कुंडीतलं मीठ काढायचा एकच उपाय असतो, भरपूर पाण्यानं माती धुवायची. तुम्ही ती धुतलीत. वर मीठ-मोहरी दिसत होती, ती खरवडून नवी माती घातलीत. पाण्याबरोबर ताटलीच्या मागच्या बाजूला वाहून गेलेले दाणे तेवढे राहिले आणि उगवले. ब्लीचचा संशय असता तर तुम्ही ती मोहरी लपवली नसती. मीठ कुणी टाकलं ते तुम्हाला पहिल्या दिवशीच कळलं होतं."

अलकनंदाबाई ईडलिंबाचं एक करपलेलं पान खुडत राहिल्या.

"चूक बहिणीची, पण तिला परत पाठवायला विमान नव्हतं," उल्का म्हणाली. " हिला घालवायला मात्र निमित्त मिळालं. भीती वाटत होती, तर तसं तोंडावर सांगायचं होतं. ते सांगायची लाज वाटली, आणि चोर ठरवायची वाटली नाही."

"मला दमा आहे," अलकनंदाबाई शेवटी म्हणाल्या. "ती घरात असली की मला झोप लागत नाही. मरायचं नव्हतं मला."

"मलाही मरायचं नाहीये, काकू," ज्ञानदा म्हणाली. मग ती वासंतीकडे वळली. "त्यांचं कळलं मला. पण तुम्हाला तर माहीत होतं ना, कुंडीत कोण काय टाकतं ते? आठवडाभर काकू मला विष घालणारी म्हणत होत्या. माझी दृष्ट काढत होतात आणि तोंड शिवून बसला होतात?"

"अक्काच्या घरात ऱ्हाते मी," वासंती म्हणाली. "मला भ्या वाटलं."

विक्रांत भिजल्या बुटांकडे पाहत राहिला. या घरात प्रत्येकाला कशाची ना कशाची भीती होती आणि त्या सगळ्याची किंमत एकाच मुलीनं मोजायची होती. त्याला दोघी बहिणींचा सारखाच राग आला.

"ज्ञानदा, तू राहा," अलकनंदाबाई म्हणाल्या. "झालं गेलं विसरून जाऊ."

"विसरणार नाही," ज्ञानदा म्हणाली. "दुसरी खोली मिळेपर्यंत राहणार, कारण मला जायला जागा नाही. पण आजपासून मी खोलीत जेवणार नाही. तुम्हाला दमा आहे, तर तुम्ही जेवून उठल्यावर बसेन, खिडकी उघडी ठेवेन. पण टेबलावर बसेन. तुम्ही वापरता त्याच ताटात जेवेन."

वासंती डोळे पुसत लगबगीनं उठली. "मी वाढते, पोरी."

"तुम्ही नाही, मावशी. काकू वाढतील. मला भूक लागली आहे."

अलकनंदाबाईंनी एकदा ईडलिंबाकडे पाहिलं, एकदा बहिणीकडे. मग त्या सावकाश घराकडे चालू लागल्या, आणि थोड्या वेळानं आतून पोळ्यांचा डबा उघडल्याचा आवाज आला.