कोपऱ्यातली बाई

पिंपळगाव राजात आशा सेविकेचं काम करणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. शनिवारच्या नेत्रशिबिरासाठी नावं लिहीत निशिगंधा सोमवारी भर दुपारी रुक्मिणीबाईंच्या अंगणात शिरली. म्हातारी कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती, पण मान डावीकडे वळवून.

“उजवीकडं एक बाई उभी राहते,” ती हळूच म्हणाली. “काळं लुगडं... उजवा डोया झाकला का जाते.”

उजवीकडच्या फाटकापाशी कुणीच नव्हतं. त्या बाजूची शेळी मात्र दावं ताणून लांब उभी होती.

विचारलं तेव्हा कळलं, आठ दिवस डोळ्यापुढे काळी चिलटं उडत होती, मग कडेला वीज चमकायची, आणि कालपासून ही बाई. डोळ्याच्या आतला पडदा सुटतो तो असाच, निशिगंधाला प्रशिक्षणात सांगितलं होतं. दुखत नाही, लाल होत नाही, पण त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो.

मुलगा कचरू हसला. मामाच्या मोतीबिंदूचे उरलेले थेंब तो आईच्या डोळ्यात घालत होता.

“दुखत तं नाही ना काही. शनिवारी तुमचंच शिबिर आहे, तवा दाखवू.”

तिचंच शिबिर तिला आडवं आलं. मंगळवारी तिनं दारात जीप आणली, तर म्हातारी मुलाच्या शब्दाशिवाय उठेना. बाई तोवर अंगणात आली होती. बुधवारी जात्यापाशी.

“तिनं कचरूचं अर्धं तोंड झाकलं व माय...” म्हातारी म्हणाली.

निशिगंधानं मग कुणाला विचारलंच नाही. म्हातारीचा हात धरून तिला जीपमध्ये बसवलं. कचरू कुरकुरत मागे चढला.

खामगावच्या डॉक्टरांनी बराच वेळ वाकून पाहिलं. पडदा पार मध्यापर्यंत सुटला होता. ऑपरेशन अकोल्याला, आजच. नजर किती परत येईल, सांगता येत नाही. दोन दिवस आधी आणलं असतं तर... त्यांनी अकोल्याची चिठ्ठी लिहायला घेतली.

म्हातारी बाहेरच्या बाकावर बसली, शेजारी कचरू. उजव्या डोळ्यापुढे आता सगळं काळंच होतं. कचरूच्या कानाखाली एक ठेवून द्यावी असं निशिगंधाला वाटलं. एवढ्यात तो बाकाच्या टोकाला सरकला. जागा तर भरपूर होती.

“काऊन सरकला?” निशिगंधानं विचारलं.

“त्या बाईले बसू देलं...” तो उजवा डोळा चोळत म्हणाला.

बाकावर मायलेकांशिवाय कुणी नव्हतं. कधीपासून दिसते, तिनं दबक्या आवाजात विचारलं.

“सकाळपासून,” कचरू म्हणाला. “पण दुखत तं नाही काही.”