किटलीखालचं जहाज

"रश्मी, तू तर पक्की गुप्तहेर निघालीस गं!" वाचनालयाच्या कोकिळाबाई म्हणाल्या आणि मैत्रीचं डोकं सणकलं.

परत रश्मी! दिवाळीच्या सुट्टीला नेरूळहून आलेली ही मावसबहीण चार दिवसांत अख्ख्या रेवदंड्याची लाडकी झाली होती. रांगोळी हिचीच छान, गाणंही हिचंच गोड. आज तर कहरच झाला!

त्याचं असं झालं. गावातल्या फिरंग्यांच्या जुन्या बंगल्याचं वाचनालय होणार होतं. ओटीच्या भिंतीवर निळ्या-पांढऱ्या फरशांचं मोठं जहाज होतं. भिंतीला ओल आली, म्हणून मैत्रीच्या बाबांनी, रामा गवंड्यांनी, अठ्ठेचाळीस फरशा अलगद उतरवल्या आणि प्रत्येकीच्या पाठीवर खडूने नंबर घातला. सुपरवायझर दत्तात्रेयने काय करावं? पाइप लावून सगळ्या धुऊन काढल्या! नंबर गेले वाहून. वर एक फरशी कमी भरली, तर म्हणतो कसा, "रामानेच विकली असणार!" बाबा दोन दिवस धड जेवले नव्हते.

आणि आता रश्मीने एक फरशी पालथी करून दाखवली होती. "खडू गेला तर जाऊ दे! ही बघा भट्टीत भाजलेली खूण, बी-तीन. बनवणाऱ्यांनीच नंबर घातलेत!"

'बाबा माझे आणि शाबासकी हिला!' मैत्री धुमसतच फरशा लावू लागली. तिचा धाकटा भाऊ सम्यकही मदतीला होता. जहाज जुळलं, पण शिडात एक भोक उरलं.

"डी-पाच नाय!" सम्यक ओरडला.

"बघा! मी म्हटलं नव्हतं?" दत्तात्रेय गुरगुरला.

मैत्रीला रडूच फुटलं. ती तरातरा मागच्या पडवीत गेली. तिथे दत्तात्रेयचं टेबल होतं, टेबलावर चहाची किटली, आणि किटलीखाली एक मळकट चौकोनी लादी. कोपऱ्यात पुसट अक्षर दिसत होतं. डी!

मैत्रीच्या मनात पहिला विचार आला तो हा, की रश्मीला सांगायचं नाही. अजिबात नाही! पण आपण लादी उचलली, तर हा दत्तात्रेय म्हणेल, पोरीनेच आणून ठेवली. तिने जोरात हाक मारली, "बाई, दत्तात्रेयकाका सगळ्यांना चहा पाजतायत! या लवकर!"

सगळे जमले. "मी कधी म्हटलं?" असं पुटपुटत दत्तात्रेयने किटली उचलली. मैत्रीने लादी उलटवली. निळं शीड!

"अरे देवा! टेबल भाजत होतं, म्हणून मीच घेतली. मला काय माहीत!"

"माहीत नव्हतं, मग रामाला चोर कसं म्हणालात?" कोकिळाबाई कडाडल्या. "माफी मागा आधी!"

दत्तात्रेयने हात जोडले. बाबांनी डोळे पुसले आणि मैत्रीला जवळ घेतलं. "वाघीण हाय माझी!"

"शाब्बास, मैत्री!" बाई म्हणाल्या.

रश्मी टाळ्या वाजवत होती, पण ओठ चावून. तो चेहरा मैत्रीच्या चांगल्या ओळखीचा होता. चार दिवस आरशात तोच तर दिसत होता! खोटं कशाला बोला, मैत्रीला भारी गोड वाटलं.

"घे, तूच बसव," बाबा म्हणाले.

फरशी हातात घेऊन मैत्री थबकली. "बाई... खूण रश्मीनेच दाखवली. नाहीतर मला ही साधी लादीच वाटली असती." मग ती रश्मीकडे वळली. "ये, धर तूपण. पण एकच कोपरा हं!"