पंखेवाल्या डॉक्टरचा हट्ट

बागेतली वाळलेली पानं उडवायचा पंखा इंजिनाला जोडून शर्यतीला आलेला माणूस मी त्या सकाळी पहिल्यांदाच पाहिला.

तपासणीच्या शेडमध्ये गाड्यांची रांग लागली होती. पत्र्यावर भुरभुर पाऊस वाजत होता. एरवी मी तंत्रशाळेत पोरांना इंजिन शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी मोटार क्लबात आत्याच्या हाताखाली गाड्या तपासते. आत्या मुख्य तपासनीस. तिच्यापुढे भले भले शर्यतवीर शाळकरी पोरांसारखे उभे राहतात.

तर रांगेतून एक छोटीशी, पिवळी, वय झालेली गाडी पुढे सरकली. आतून एक उंच माणूस घडी उलगडावी तसा बाहेर आला. त्याच्या काळ्या शर्टावर पांढरे केस चिकटले होते.

"मांजराचे आहेत," माझी नजर पाहून तो म्हणाला. "मी जनावरांचा डॉक्टर. सकाळी सकाळी एक पेशंट अंगावर चढला."

"गट कोणता?" मी हसू आवरत विचारलं.

"दाबाचा!"

आमची शर्यत घाटाच्या चढाची. एकेक गाडी सोडतात आणि वर पोचायची वेळ मोजतात. तिच्यात दोन गट असतात. ज्यांचं इंजिन आपापल्या ताकदीनं हवा ओढून घेतं, त्या गाड्या साध्या गटात. ज्यांच्या इंजिनात यंत्रानं हवा दाबून भरलेली असते, त्या दाबाच्या गटात. जास्त हवा म्हणजे जास्त इंधन जाळता येतं, आणि जास्त इंधन म्हणजे जास्त जोर.

मी बॉनेट उघडलं... आणि ओठ चावून उभी राहिले.

"हे काय आहे?"

"सुपरचार्जर."

"हा पानं उडवायचा पंखा आहे."

"होता. आता त्याला बढती मिळालीय."

"अहो डॉक्टर, असं नुसतं म्हणून चालत नाही. टर्बो असेल तर त्याला इंजिनातून बाहेर पडणारा धूर फिरवतो. सुपरचार्जर असेल तर त्याला इंजिनच पट्ट्यानं फिरवतं. कसंही फिरवा, पण आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा जास्त व्हायला हवा. समोर भोंगा लावून वारा आत घेतला, तर तोसुद्धा आम्ही धरत नाही."

"मग मोजा ना, मास्तरीणबाई!"

मी शिक्षिका आहे हे याला कुणी सांगितलं? मी दाबमापकाची नळी इंजिनाला जोडली, मापक खिडकीतून आत घेतला आणि त्याच्या शेजारी जाऊन बसले. गाडी चढाला लागली. ओल्या मातीचा वास, काचेवर थेंब, आणि पुढून पंख्याची केविलवाणी घूंऽऽ... काटा हळूहळू शून्याकडे आला. शून्य म्हणजे बाहेरच्या हवेइतकाच दाब. त्याच्या वर मात्र तो गेलाच नाही.

"इंजिन मागतंय त्याच्या निम्मीही हवा हा देत नाहीये," मी म्हटलं. "उलट वाटेत उभा राहून अडवतोय. साधा गट, डॉक्टर."

त्याचा चेहरा पार उतरला.

"लोक दाबाच्या गटातून सुटायला आमच्या विनवण्या करतात. तुम्हालाच कसली हौस?"

त्यानं वायपरचा खटका दाबला. मग म्हणाला, "त्या गटात माझी ताई आहे. तिची गाडी टर्बोची. हंगामाच्या शेवटच्या शर्यतीनंतर ती नोकरीसाठी परदेशात चाललीय, कायमची. लहानपणी आम्ही सायकलींची शर्यत लावायचो आणि ती दरवेळी... मुद्दाम हरायची. मला रडू येऊ नये म्हणून. मला एकदा तरी तिच्याशी खरीखुरी शर्यत लावायचीय."

"आणि हरलात तर?"

"हरलो तरी चालेल. तिनं मला सोडून देता कामा नये, एवढंच."

गाडी शेडमध्ये परत आली तरी मी उतरायचं विसरले होते. आत्यानं काचेवर टकटक केली, तेव्हा कुठे उतरले.

त्याच संध्याकाळी मी आत्याला म्हटलं, "शेवटच्या शर्यतीला त्या पिवळ्या गाडीची तपासणी मी करणार नाही. ती मीच बांधून देणार आहे."

"काय बांधून देणार आहेस?"

"गाडी! दुसरं काय?"

"मी कुठे दुसरं काही म्हटलं?" आत्या चष्मा पुसत म्हणाली.

खरा सुपरचार्जर डॉक्टरनंच मिळवला. एका गोठेवाल्याची अडलेली गाय त्यानं सोडवली होती. त्या गोठेवाल्याकडे मोडीत निघालेल्या गाडीचा सुपरचार्जर धूळ खात पडला होता, तो त्यानं आनंदानं देऊन टाकला. शाळेच्या वर्कशॉपमध्ये आम्ही तो खोलला, धुतला, घासला. रोज शाळा सुटली की डॉक्टर हजर. मी सांगायचे, तो करायचा, आणि करता करता इंजिनाशी बोलायचा. "हं... झालं हं बाळा... थोडंसंच दुखेल."

एकदा तर त्यानं गळ्यातला स्टेथोस्कोप सरळ सुपरचार्जरला लावला.

"काय म्हणतोय पेशंट?"

"डाव्या बाजूला घरघर आहे."

मी हसले. पण खोलून पाहिलं तर डावीकडचं बेअरिंग खरंच खराब! मी ते बदललं. तो मात्र पूर्ण संध्याकाळ नाक वर करून फिरत होता.

एक दिवस पट्टा चढवताना कप्पी माझ्या हातातून निसटायला लागली. "अहो, धरा... धरा ना... अरे, धर की!"

त्यानं धरली. कप्पीबरोबर माझा हातही.

"पुन्हा म्हण ना," तो हळूच म्हणाला.

"काय?"

"अरे."

"पट्टा चढव आधी," मी म्हटलं. पण माझे कान तापले होते, आणि ते त्यानं पाहिलं होतं.

चाचणीला मी गाडी चालवली आणि मापक त्याच्या हातात दिला. चढ सुरू झाला. बॉनेटखालून आता केविलवाणी नाही, चांगली खणखणीत शीळ उठली. पाठ सीटला चिकटली.

"शून्य..." तो ओरडला. "शून्य... अगं, गेला! काटा वर गेला!"

आम्ही दोघं वेड्यासारखे हसत वरपर्यंत पोचलो.

शर्यतीच्या दिवशी आत्यानं आमची गाडी इतक्या बारकाईनं तपासली, की तिच्यापुढे मला परीक्षेला बसल्यासारखं वाटलं. शेवटी तिनं नुसती मान हलवली आणि दाराला दाबाच्या गटाची लाल पट्टी चिकटवली. डॉक्टरनं त्या पट्टीवरून दोनदा हात फिरवला.

ताई शेजारच्याच गाडीपाशी उभी होती. आखूड केस, गडगडाटी हसू. तिनं मला बाजूला घेतलं. "इंजिन खोलायला माझा भाऊ रोज अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून यायचा. तुला विचित्र नाही वाटलं?"

तेवढ्यात शिटी झाली.

डॉक्टर आधी निघाला. एकेक वळण त्यानं असं घेतलं, की पाहणारे उभे राहिले. वेळ जाहीर झाली तेव्हा तो गटात पहिला होता. मग ताई निघाली. पहिल्या वळणाआधी तिनं गाडीला दिलेला जोर ऐकूनच मला कळलं, ही आज कुणाचे लाड करणार नाही. ती त्याच्यापेक्षा डोळ्याची पापणी लवावी इतक्या फरकानं पुढे गेली.

आणि हरलेला डॉक्टर चिखलात नाचत होता!

"सोडलं नाही हां यावेळी," ताई खाली येऊन म्हणाली.

"माहितीय. ऐकलं मी." तो हसत होता, ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडत होती, आणि मी उगाचच इंजिन पुसत बसले होते.

ताई गेली. मग मात्र डॉक्टर आलाच नाही. एक दिवस गेला, दोन गेले, आठवडा गेला. शर्यत संपली, काम संपलं, आता तो कशाला येईल? मी स्वतःला समजावत होते. तरी शाळा सुटल्यावर वर्कशॉपमधली आधीच स्वच्छ असलेली हत्यारं पुन्हा पुन्हा पुसत होते.

आणि एका दुपारी, माझा वर्ग चालू असताना, तो दारात उभा! गाडीशिवाय, पायी आलेला. मी बाहेर व्हरांड्यात गेले.

"काय बिघडलं?"

"काही नाही. गाडी एकदम ठणठणीत आहे. तीच तर अडचण झाली." "आठवडाभर बहाणा शोधत होतो. पट्टा सैल करून आणावा, असंही मनात आलं. पण मग म्हटलं... सरळ सांगावं. मला तू आवडतेस. गाडी असो नसो. ताई गेली म्हणून एकटं वाटतंय, म्हणून नाही. त्या पहिल्या दिवशी तू ओठ चावून हसू दाबलंस ना, तेव्हापासून."

"आठवडाभर!" माझा आवाज भलताच वर गेला. "वेड्या, मी आठवडाभर इथे हत्यारं पुसतेय! तूही मला आवडतोस. किती वाट बघायची माणसानं?"

वर्गातली कुजबुज एकदम थांबली. त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

"पाचला सुटते मी," कसंबसं म्हटलं.

"तोवर काय करू?"

"मागच्या बाकावर बस. आणि आगाऊ प्रश्न विचारलास तर वर्गाबाहेर काढीन."

तो शहाण्यासारखा जाऊन बसला. त्या दुपारी मी फळ्यावर एकच आकृती दोनदा काढली, आणि दोन्ही वेळा चुकीची. वर्गात एकानंही मला टोकलं नाही.